पटत नाही, तरी माझंच आहे

‘एवढं पटत नाही, तर सोडून का देत नाही?’ हा प्रश्न नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला विचारायचा नाही, हे आपण चळवळीत केव्हाच शिकलो. कुठे जाईल, मुलांचं काय, डोक्यावर छप्पर कुणाचं, ही उत्तरं आपल्याला तोंडपाठ आहेत. केंद्रात नवी कार्यकर्ती आली की पहिल्याच आठवड्यात आपण तिला ती शिकवतो. पण विषय धर्माचा निघाला की तोच प्रश्न आपण बेधडक विचारतो. दर्ग्यात आत जाऊ देत नाहीत म्हणून कोर्टात जाणारी, चर्चमध्ये बाई पाद्री का नाही म्हणून भांडणारी, अशा बाईकडे आपण जरा दयेनेच पाहतो. तिची जाणीव अजून पुरती झालेली नाही, असं आपल्याला वाटतं. तोंडाने म्हणत नसलो तरी चेहऱ्यावर ते दिसतं, आणि तिला ते बरोबर कळतं.

मैत्रिणींनो, मला या दयेबद्दल लिहायचं आहे. त्यासाठी उदाहरण घेणार आहे ते मॉर्मन बायकांचं. ते लांबचं वाटेल, पण मला तेच जवळचं आहे. सोलापुरात आठ वर्षं एका महिला केंद्रात काम केल्यानंतर मी नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत यूटा राज्यात आले, त्याला आता चौदा वर्षं झाली. इथे ज्या बायकांशी माझं सूत जुळलं त्यांतल्या बहुतेक मॉर्मन आहेत. आणि त्यांतल्या ज्या मला सगळ्यांत शहाण्या वाटतात, त्यांना आपल्या धर्मातलं निम्मंअधिक पटत नाही. तरी दर रविवारी त्या चर्चला जातात. मी स्वतः कुठलाही धर्म पाळत नाही, त्यामुळे त्यांची वकिली करण्यात माझा काही फायदा नाही.

थोडी ओळख करून द्यायला हवी. ‘मॉर्मन’ हे खरं म्हणजे टोपणनाव. अधिकृत नाव ‘अखेरच्या दिवसांतील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी’ असं लांबलचक आहे, आणि टोपणनाव वापरू नका असं त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये बजावलं. माझ्या मैत्रिणी वापरतात म्हणून मीही वापरते. न्यूयॉर्क राज्यात १८३० साली जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने हा पंथ स्थापन केला. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण नवा धर्मग्रंथ भाषांतरित केला, असं त्याचं सांगणं होतं. १८४४ मध्ये जमावाने तुरुंगात घुसून त्याला ठार केलं. मग बहुतेक अनुयायी ब्रिगहॅम यंगच्या मागे पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन वसले. आज चर्चच्या वहीत जगभरचे १ कोटी ७० लाखांहून जास्त सभासद आहेत. आपल्याकडेही आहेत. २०१२ मध्ये हैदराबादला त्यांचा भारतातला पहिला मोठा विभाग स्थापन झाला आणि २०१८ मध्ये बंगळुरूला टेंपल बांधायचं जाहीर झालं.

आता हे सोडून देणं म्हणजे काय सोडणं, ते पाहू. इथे गावोगावच्या मंडळीला ‘वॉर्ड’ म्हणतात. वॉर्डाचा बिशप पगारी नसतो. तो आठवडाभर दातांचा डॉक्टर नाहीतर विमा एजंट असतो आणि रविवारी बिशप. तसंच प्रत्येकाला काही ना काही काम नेमून दिलेलं असतं. माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी या मंडळीतली नव्हते, होण्याची शक्यताही नव्हती. तरी पंधरा दिवस संध्याकाळी सहाला कुणीतरी बाई झाकलेला ट्रे घेऊन दारात उभी असायची. बटाटा, चीज आणि वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा अशा एका पदार्थाला इथे ‘फ्युनरल पोटॅटोज’ म्हणतात, कारण मर्तिकाच्या घरी तो हमखास नेतात. मला तो आजारपणात इतक्या वेळा मिळाला की आपण गेलो की काय अशी शंका यायची! चेष्टा सोडा. सोलापुरात आमच्या केंद्राने बचत गट बांधायला जो जिवाचा आटापिटा केला, तो आठवून मला या बायकांचा हेवा वाटला. ही बांधणी ‘रिलीफ सोसायटी’ या त्यांच्या स्त्रीसंघटनेची आहे. ती १८४२ साली स्थापन झाली. एवढी जुनी स्त्रीसंघटना तुमच्या माहितीत दुसरी कुठली आहे?

आणि याच मंडळीत मुलगा बारा वर्षांचा होऊ लागला की त्याला याजकपद मिळतं. बाईला ते कुठल्याच वयात मिळत नाही. रविवारी पाव आणि पाण्याचं ताट घेऊन उभा राहतो तो नातू. आजी बाकावर बसून ते ताट शेजारणीकडे सरकवू शकते, पण उभं राहून वाटू शकत नाही. माझ्या शेजारणीने हे मला प्रथम सांगितलं तेव्हा ती हसत होती, नंतर हसेनाशी झाली. बिशप पुरुष, त्याच्या वरचे अधिकारी पुरुष, सर्वांत वरचे अध्यक्ष आणि बारा प्रेषितही पुरुष. रिलीफ सोसायटीची प्रमुख बाई असते, पण तिला नेमतात पुरुष. १९७० मध्ये सोसायटीचं स्वतःचं मासिक बंद झालं आणि निधीही हातचा गेला. बाप कुटुंबाचा प्रमुख आणि मुलांचं संगोपन ही मुख्यतः आईची जबाबदारी, हे १९९५ मध्ये चर्चने जाहीरनामा काढून सांगितलं. तो जाहीर कुठे केला? रिलीफ सोसायटीच्या सभेत!

मग शंका काय आहेत? माझ्या शेजारणीच्या बाबतीत सुरुवात इतिहासापासून झाली. बहुपत्नीत्वाची चाल चर्चने १८९० मध्ये सोडल्याचं जाहीर केलं हे तिला शाळकरी वयापासून माहीत होतं. पण मूळ संस्थापकाला किती बायका होत्या, हे तिने लहानपणी कधी ऐकलं नव्हतं. २०१४ मध्ये चर्चनेच एक लेख प्रसिद्ध केला. अभ्यासकांच्या अंदाजाने ही संख्या तीस ते चाळीस, त्यांतल्या काही आधीच दुसऱ्याशी लग्न झालेल्या, आणि सर्वांत लहान मुलगी पंधरावं लागायला काही महिने असलेली. शेजारणीची थोरली तेव्हा चौदाची होती. आता ही चाल बंद आहे म्हणावं, तर परलोकासाठी ती पुरती बंद नाही. पहिली बायको वारल्यावर पुरुष दुसरीशीही टेंपलमध्ये अनंतकाळचं लग्न लावू शकतो आणि दोघी त्याच्याच. जिवंत विधवेला मात्र तसं दुसरं लग्न लावता येत नाही. कॅरल लिन पिअरसन या मॉर्मन कवयित्रीने २०१६ मध्ये याच भीतीवर अख्खं पुस्तक लिहिलं: मेल्यावर आपल्याला सवतीबरोबर राहावं लागेल, या धास्तीने कितीतरी बायकांची झोप उडालेली असते. पिअरसनबाईंचा समलिंगी नवरा घटस्फोटानंतर एड्सने आजारी पडला, तेव्हा त्यांनी त्याला घरी आणून शेवटपर्यंत त्याचं केलं. १९८४ मध्ये तो गेला. १९८६ मध्ये त्यांनी त्यावरही लिहिलं. हे सगळं लिहून त्या चर्चमध्येच राहिल्या.

या बायकांना धर्मात धरून काय ठेवतं, याचं एक उत्तर मला फार हलवून गेलं. मॉर्मन शिकवणीत देव बाप आहे, तशी आईही आहे. स्वर्गातली आई. एलायझा स्नो या कवयित्रीने १८४५ मध्ये तिच्याबद्दल लिहिलेली कविता आजही भजनासारखी म्हटली जाते. पण १९९१ मध्ये चर्चच्या वरिष्ठ नेत्याने बजावलं, की त्या आईची प्रार्थना करायची नाही. आपण पुरुष असलेल्या विठोबालाही खुशाल माउली म्हणतो. इथे खरीच आई आहे आणि तिला हाक मारायला बंदी! शेजारीण म्हणते, ‘बाहेर गेले तर मला बंदी नाही, पण आईही नाही. दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये ती मला भेटेल?’ यावर माझ्यासारख्या नास्तिक बाईने काय बोलावं? पण तिची अडचण मला समजते. जे पटतं आणि जे पटत नाही ते तिच्या धर्मात एकाच धाग्याने विणलेलं आहे. एक उसवायला गेलं की दुसरं सुटतं.

त्यांच्या भाषेतही याची एक गंमत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करून सगळे जमतात आणि ज्याला वाटेल तो उठून साक्ष देतो. साक्षीचा साचा ठरलेला आहे: ‘हे चर्च खरं आहे हे मला माहीत आहे.’ लहान पोरंही आईने कानात सांगितलेलं हेच वाक्य माइकवर म्हणतात. माझी शेजारीण ‘मला माहीत आहे’ असं म्हणत नाही. ‘माझी आशा आहे,’ असं म्हणते. बाहेरच्याला यात काही कळणार नाही. पण सभागृहातल्या दोनतीन बायका त्या एका शब्दावर मान वर करून पाहतात, आणि पुढच्या आठवड्यात त्यांतली कुणीतरी तिला ‘चल, फिरायला जाऊ’ म्हणते. शंका घेणाऱ्या बायका एकमेकींना अशा सापडतात. आपल्याकडे गट बांधणाऱ्या कुणालाही ही पद्धत अनोळखी वाटणार नाही.

पण मी दयेबद्दल बोलत होते. मॉर्मन बायकांची दया करण्याची परंपरा फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात सगळी अमेरिका त्यांना गुलाम समजत होती. १८७० मध्ये यूटा प्रांताने बायकांना मतदानाचा हक्क दिला, अमेरिकेत सर्व स्त्रियांना तो मिळण्याच्या ५० वर्षं आधी. बाहेरच्या अनेक सुधारकांना वाटलं, आता या बायका मत टाकून बहुपत्नीत्व मोडतील. त्यांनी तसं केलं नाही. तेव्हा १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेसने बहुपत्नीत्वाविरुद्धच्या कायद्यातच त्यांचा मताधिकार काढून घेतला. कुणाची सुटका करायला निघावं आणि तिच्या हातातलंच काढून घ्यावं, याचा इतका ठळक दाखला मला दुसरा माहीत नाही. आणि याच बायका तेव्हा ‘वुमन्स एक्स्पोनंट’ हे वृत्तपत्र चालवत होत्या. १८७२ ते १९१४ ते निघालं. त्यात स्त्रीमताधिकाराचा हिरिरीने पुरस्कार होता आणि बहुपत्नीत्वाचं समर्थनही. १८९६ मध्ये यूटा राज्य झालं, मताधिकार परत मिळाला, आणि त्याच वर्षी मार्था ह्यूज कॅनन या डॉक्टर बाई राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या, अमेरिकेतल्या पहिल्या स्त्री राज्य-सिनेटर. उमेदवारांत त्यांचा नवराही होता, तो पडला. आणि त्या त्याच्या अनेक बायकांपैकी एक होत्या. घ्या! आपल्या कुठल्या कप्प्यात बसवणार त्यांना?

पुढच्या पिढ्या ते वृत्तपत्र पार विसरल्या. १९७०च्या सुमारास बॉस्टनजवळच्या काही मॉर्मन गृहिणींना त्याचे जुने अंक हार्वर्डच्या ग्रंथालयात सापडले. आपल्या पणज्या हे लिहीत होत्या आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही! १९७४ मध्ये त्यांनी ‘एक्स्पोनंट टू’ सुरू केलं. तेही त्रैमासिक आहे आणि अजून निघतं. इतकी वर्षं स्त्रियांचं नियतकालिक चालवणं काय असतं, ते या अंकाच्या संपादक मंडळाला मी सांगायला नको.

मात्र राहणाऱ्या बायकांचं चित्र मी फार उजळ रंगवणार नाही. १९७७ मध्ये सॉल्ट लेक सिटीत आंतरराष्ट्रीय महिला वर्षाची राज्य परिषद भरली. प्रत्येक वॉर्डातून दहा बायका पाठवा, असा चर्चकडून निरोप गेला आणि तेरा हजारांवर बायका आल्या. त्यांनी समान हक्कांच्या घटनादुरुस्तीविरुद्ध आणि इतर अनेक स्त्रीवादी ठरावांविरुद्ध भराभर हात वर केले. बायकांचं संघटन आपोआप बायकांच्या बाजूचं होत नाही, हे आपण १९९२ नंतर आपल्याकडेही पाहिलं आहे. त्या घटनादुरुस्तीसाठी उघड लढणाऱ्या सोनिया जॉन्सनना चर्चने १९७९ मध्ये बहिष्कृत केलं. मे १९९३ मध्ये एका ज्येष्ठ प्रेषिताने चर्चला असलेले तीन धोके सांगितले: समलिंगी हक्कांची चळवळ, स्त्रीवादी चळवळ आणि तथाकथित विद्वान. त्याच सप्टेंबरात सहा जणांवर कारवाई झाली. त्यांत तीन स्त्रिया होत्या.

त्यांपैकी लविना फील्डिंग अँडरसन यांची हकिगत मला जास्त सांगाविशी वाटते. त्या संपादक होत्या. चर्चने अभ्यासकांवर आणि स्त्रीवाद्यांवर वेळोवेळी आणलेल्या दडपणाची तारीखवार नोंद त्यांनी प्रसिद्ध केली आणि त्यासाठी त्यांना काढून टाकलं. नोंद ठेवणं हा गुन्हा! पुढच्याच रविवारापासून त्या पुन्हा त्याच वॉर्डात जाऊन बसू लागल्या. पाव-पाणी घ्यायचं नाही, सभेत प्रार्थना म्हणायची नाही, कुठलं पद नाही. नुसतं बाकावर बसायचं. असं एक-दोन महिने नाही, पंचवीसहून जास्त वर्षं. २०१९ मध्ये स्थानिक नेत्यांच्या पाठिंब्याने त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा मागितला. वरून नकार आला. २०२३ मध्ये त्या गेल्या.

त्यांच्याआधी शंभर वर्षं जेन मॅनिंग जेम्स. ही कृष्णवर्णीय बाई १८४३ मध्ये बोटीवर चढू दिलं नाही म्हणून कुटुंबासह शेकडो मैल पायी चालत जोसेफ स्मिथच्या गावी पोचली. यूटात आली, आयुष्यभर चर्चमध्ये राहिली. पण काळ्यांना टेंपलचे विधी बंद होते आणि काळ्या पुरुषांना याजकपद. ही बंदी १९७८ पर्यंत टिकली. जेन पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिली. अखेर १८९४ मध्ये तिच्यासाठी एक खास विधी केला: स्मिथच्या कुटुंबाशी तिला अनंतकाळासाठी जोडलं, पण मोलकरीण म्हणून. तोही तिला आत येऊ न देता, तिच्या जागी दुसऱ्या बाईला उभं करून. जेनचं समाधान झालं नाही. तिने पुन्हा अर्ज केला. १९०८ मध्ये ती वारली.

ही हकिगत मी आमच्या इथल्या एका मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात सांगितली, तेव्हा एक बाई चटकन म्हणाल्या, ‘काय हा बावळटपणा!’ मला राग आला आणि त्या रागामुळेच हा लेख लिहायला घेतला. चर्च जेनला काय सांगत होतं? आहे हे असं आहे, मान्य असेल तर राहा. आपण तिला काय सांगतो? आहे ते असं आहे, मान्य नसेल तर जा. दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट समान आहे. धर्म म्हणजे काय हे ठरवण्याचा हक्क पुरुषांच्या त्या खोलीकडे आहे, हे दोघांनी आधीच कबूल करून टाकलं. कबूल केलं नाही ते फक्त जेनने. ती म्हणत होती की हे चर्च माझंही आहे, मी चालत आले आहे इथपर्यंत. जी बाई शिजवते, शिकवते, आजाऱ्याला पाहते, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देते, तिने शंका आली की निमूट निघून जावं आणि घर मात्र ज्यांनी शंका घेतली नाही त्यांना सोडावं, हा न्याय आपण आणखी कुठल्या बाबतीत मान्य करू? सासरच्या घराबाबत तर आपण उलट कायदा मागून घेतला: २००५च्या कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, घर तिच्या नावावर असो वा नसो.

आपल्यालाही हे नवं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या भगिनींशी वाद सुरू केला. त्रैक्य पटत नाही म्हणाल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत म्हणाल्या. बिशपांचं प्रत्येक वाक्य मान्य करायला मी बांधलेली नाही, असं पत्रांतून स्पष्ट कळवलं. तिकडच्यांना त्या गर्विष्ठ वाटल्या, इकडच्यांना धर्मबुडव्या. त्या ख्रिस्तीच राहिल्या आणि स्वतःच्या अटींवर राहिल्या.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांचं काय? १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि १९५६ मध्ये नागपुरात लाखो लोकांसह ते बाहेर पडले. बाहेर पडणं ही मुक्ती असते, हे मी कशी नाकारीन? पण काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला होता. दार ठोठावून झालं होतं, वर्षानुवर्षं. आणि जे सोडलं त्याने कधी पाण्याचा घोटही दिला नव्हता. शिवाय बाहेर पडताना सगळे मिळून पडले आणि पुढे घर तयार होतं. यूटातली बाई बाहेर पडते ती एकटी. तिची आई, बहिणी, पोरं आत असतात आणि अनंतकाळच्या कुटुंबातून आपली मुलगी वजा झाली म्हणून आई खरोखर रडते. तरी शेकड्यांनी बायका बाहेर पडतात. त्यांचंही मला कौतुक आहे. आणि काहींना राहू का जाऊ हा पर्यायच नसतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये चर्चने नियम केला, की समलिंगी विवाह केलेले लोक धर्मद्रोही समजावेत आणि त्यांच्या मुलांना अठरा वर्षांचे होईपर्यंत बाप्तिस्मा देऊ नये. साडेतीन वर्षांनी तो मागे घेतला. तोवर ज्यांची घरं फुटायची ती फुटली होती.

राहून काही बदलतं का? थोडं, आणि कुणाचं नाव न घेता. २०१३ मध्ये केट केली या वकील बाईने स्त्रियांना याजकपद द्या म्हणून संघटना काढली. २०१४ मध्ये तिला बहिष्कृत केलं. २०१३ मध्येच चर्चच्या सर्वसाधारण परिषदेत पहिल्यांदा एका बाईने प्रार्थना म्हटली, १८३ वर्षांत पहिल्यांदा! २०१९ मध्ये बायकांना बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून उभं राहता येऊ लागलं. हे सगळं साक्षात्काराने झालं असं सांगतात. बायकांनी मागितलं म्हणून, असं कुणी म्हणत नाही. मार्च २०२४ मध्ये रिलीफ सोसायटीच्या एक नेत्या म्हणाल्या, की स्त्रियांना इतके व्यापक अधिकार देणारी दुसरी धर्मसंस्था आपल्याला माहीत नाही. चर्चने ते इन्स्टाग्रामवर टाकताच हजारो बायकांनी खाली उत्तरं लिहिली. त्या बाहेर पडलेल्या नव्हत्या, आतल्याच होत्या. रविवारी वर्ग घेणाऱ्या, ट्रे पोचवणाऱ्या.

एका मुद्द्यावर माझं आणि शेजारणीचं जुळत नाही. मोठ्यांनी आपल्या शंकांसह राहावं, पण मुलींना त्यात का वाढवावं? बारा-तेरा वर्षांच्या मुलीला बिशप खोलीत एकटीला बोलावून तिच्या पावित्र्याबद्दल विचारणार, ही पद्धत मला एक दिवसही सहन झाली नसती. बरोबर दुसरं मोठं माणूस हवं असेल तर बसू द्यावं, हा नियम २०१८ मध्ये झाला. त्यासाठी जाहीर मोहीम चालवणाऱ्या एका माजी बिशपलाही त्याच वर्षी बाहेर काढलं. शेजारीण त्याआधीपासून थोरलीबरोबर आत जाऊन बसायची. ‘मी बसले म्हणून नंतर वॉर्डातल्या आणखी चार आया बसू लागल्या. मी गेले असते तर माझी पोर सुटली असती, त्या चौघींच्या पोरी नसत्या सुटल्या,’ असं ती म्हणते. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही आणि पटतही नाही. माझी मुलगी असती तर मी माझीच आधी सोडवली असती.

सध्या तिच्यापुढे दुसराच पेच आहे. मुलाचं लग्न वसंतात टेंपलमध्ये व्हायचं आहे. टेंपलमध्ये जायला परवाना लागतो, दर दोन वर्षांनी तो नव्याने घ्यायचा असतो, आणि त्यासाठी मुलाखत होते. परवाना नसेल तर पोटच्या मुलाचं लग्न लागत असताना आईबापांनी बाहेर थांबायचं. प्रश्न ठरलेले असतात. दशमांश पूर्ण देता का? चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य करता का? (आपल्यापैकी बहुतेकजणी चहापाशीच नापास.) अध्यक्षांना संदेष्टा मानता का? चर्चच्या शिकवणीविरुद्ध असलेल्या कुठल्या मताला पाठिंबा देता का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच द्यायचं. ‘माझी आशा आहे’ तिथे चालेल की नाही, हे समोर बसलेल्या माणसावर अवलंबून. २०१९ पासून एक सोय झाली आहे: आधी सगळ्यांसमोर साधं लग्न लावून नंतर लगेच टेंपलमध्ये जाता येतं. पूर्वी इथे त्यासाठी वर्षभर थांबावं लागायचं. पण आधी साधं लग्न लावलं की लोक ओळखतात, कुणाच्या तरी आईकडे परवाना नाही म्हणून.

होणाऱ्या सुनेला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. परवा शेजारीण मला म्हणाली, की शेवटच्या प्रश्नाला ती खरं उत्तर देणार आहे, आणि मग बिशपलाच विचारणार आहे, की शिकवण म्हणजे नेमकी कुठली, १८५२ची, १९७७ची का आत्ताची. मुलाखतीची तारीख अजून मिळायची आहे.